दाताची गळती-तपासणी

या, असे जवळ सरका. दाराशी कशाला बसता? उंबऱ्याशी बसणाऱ्याला अर्धीच गोष्ट ऐकू येते आणि उरलेली अर्धी तो पदरची घालून गावभर सांगतो. माझ्या बाबतीत हे एकदा होऊन गेलं आहे, म्हणून म्हणतो. सतरंजीवर जागा आहे, पाय मोकळे सोडून बसा. मी तुम्हाला एका दाताची गोष्ट सांगणार आहे. दात माझाच. नाक मुरडू नका. देव हत्तीत असतो तसा मुंगीतही असतो, हे आपण मान डोलावून कबूल करतो. मग दाताच्या छिद्रापाशीच त्याने काय म्हणून थबकावं?

तर माझे मामा कीर्तन करायचे. आईचे धाकटे भाऊ, वय ऐंशीच्या घरात, काठी घेऊन चालतात. पण कीर्तनाला उभे राहिले की काठी भिंतीशी आणि मामा भलतीकडे. मी त्यांच्यामागे उभा राहून ध्रुवपद धरायचो. त्यांनी स्वतः रचलेलं एक पद आहे, ‘आत तूच, बाहेर तूच, मधली भिंत कोणाची?’ यातलं ‘कोणाची’ वर चढतं आणि चढून तिथेच मुक्काम करतं. पुढे पुढे मामांचा श्वास तिथे पुरेना. ते मधेच सोडायचे, मी उचलायचो, आणि श्रोत्यांना वाटायचं की हे असंच बसवलेलं आहे. हे गुपित मामांना, मला आणि पेटीवाल्याला ठाऊक. एका रविवारी मोठ्या सभागृहात कीर्तन ठरलं, तेव्हा मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाळ, हे माझं शेवटचं. नीट होऊ दे. वरचं तुझ्याकडे.”

एवढा भार माझ्यावर, आणि नेमका तेव्हाच वरच्या डाव्या बाजूला, सुळ्याच्या मागच्या दाताला, हिरडीलगत खळगा पडला. एरवी काही नाही. पण ‘कोणाची’च्या आधी छाती भरून तोंडाने श्वास ओढला, की गार हवा त्या खळग्यात शिरायची आणि डोळ्यांपुढे अशी वीज चमकायची की भिंत कोणाची आणि मी कोणाचा, काहीच कळत नसे.

मी घाबरलो का? मुळीच नाही. कारण गळती हा माझा विषय आहे. मी औषधाच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासतो. बंद बाटली निळ्या पाण्यात बुडवायची, यंत्राने वरची हवा ओढून घ्यायची, मग बाटली बाहेर काढून, पुसून, उजेडात धरायची. आत निळी झाक दिसली की झाकण नापास. या कामात माझा शब्द शेवटचा असतो. घरीसुद्धा कुणाचा डबा आला तर तो मी आधी उलटा करून हलवतो. ही म्हणते, “माणसं डब्यात काय आलंय ते बघतात, तुम्ही डब्यातून काय गळतंय ते बघता.” असो. गुणांची पारख घरात होत नाही.

कोपऱ्यावर एका डॉक्टरीणबाईंनी नवीनच दवाखाना थाटला होता. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. सोमवारी मी त्यांच्या खुर्चीत आडवा झालो. त्यांनी खळगा साफ केला, गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या आणि काम करता करता बोलायला लागल्या.

आता इथे थोडं थांबतो, कारण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ इथे आहे. त्या बाई काय सुंदर बोलतात! आधी विषयाची मांडणी, मग दृष्टान्त, मग पुन्हा मूळ मुद्द्यावर. “काका, हे कॉम्पोझिट मऊ असतं, लोण्यासारखं. निळा लाइट पडला की दगड होतं. पण दगड होताना किंचित आकसतं. आकसलं की कडेला फट पडायची भीती. म्हणून एकदम गोळा नाही भरायचा, पातळ पातळ थर द्यायचे. आणि ते नुसतं ठेवून चिकटत नाही. दात आधी जेल लावून खरखरीत करायचा, धुवायचा, बेताने सुकवायचा, मग बाँडिंग लावायचं. ते बारीक बारीक भोकांत शिरून मुळं धरतं. त्या वेळेला थुंकीचा एक थेंब जरी मधे आला ना…”

“हं!” मी म्हणालो.

वक्ता बोलतोय आणि श्रोता गप्प, हा आमच्या घराण्यात पाहुण्याला पाणी न विचारण्याइतका मोठा गुन्हा आहे. जन्मभर पहिल्या रांगेत बसलेला माणूस मी. समोरच्याने एक चांगलं वाक्य टाकलं की माझी मान डोलते, आणि मान डोलली की घशातून ‘हं’ येतो. ते मी करत नाही, ते होतं. तोंड उघडं होतं म्हणून काय झालं?

“काका, हलू नका हं. तर थेंब आला ना, की बाँडिंग दाताला धरायच्या ऐवजी थुंकीलाच धरतं. वरून सगळं चकाचक, आतून मात्र…”

“अं हं हं हं!” दाद गेलीच. गालातली गुंडाळी सरकली. बाईंनी ती परत बसवली, पण असा रसिक ऐकणारा मिळाल्याने त्यांनाही रंग चढला होता. त्या सांगत होत्या, मी हुंकार देत होतो, निळा लाइट पीप पीप करत होता. थुंकी त्या वेळी कुठे होती हे विचारायला आम्हा दोघांनाही सवड नव्हती. आरशात पाहिलं तर दात असा, जणू काही झालंच नाही. मी बाईंना मनापासून सांगितलं, “फार दिवसांनी इतकं रसाळ ऐकलं.” त्या लाजल्या.

मंगळवारी मामांकडे तालीम. ‘मधली भिंत’पर्यंत आम्ही छान आलो. मी श्वास ओढला आणि वीज! ‘कोणाची’च्या जागी माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की पेटीवाल्याने पेटी थांबवून खाली वाकून भाता तपासला.

“काय रे?” मामा म्हणाले.

“काही नाही मामा. ठसका.”

खोटं बोललो, पण त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटली ती बघून खरं बोलवेना. बुधवारी संध्याकाळपर्यंत इमारतभर बातमी होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर जिन्यातच भेटले. “काय हो, दात बुजवलात म्हणे? अहो, आमच्या वेळी चांदीचा भरायचे. दिसायला काळा, पण माणूस गेला तरी दात शाबूत. हल्ली सगळं दिसण्यावर. उघडा बघू तोंड.” मी जिन्यात तोंड उघडलं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, “मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही.” “मग तो लावा.” “तो लांबचा आहे.”

तेवढ्यात खालच्या काकू बाहेर आल्या. “भाऊजी, कसली डॉक्टर नि कसलं काय! लवंगेचं तेल लावा. कापसावर घ्या, दातावर ठेवा, डोळे मिटा.” बाटली त्यांच्या हातातच होती. काकू सल्ला देतात तेव्हा सामान बरोबर घेऊनच निघतात. मी तेल लावलं. दात गार झाला, जीभ बधीर झाली, आणि जेवताना मी जिभेला दोनदा चावलो. पण बरं वाटलं, म्हणून परत लावलं. परत परत लावलं.

तरी मूळ प्रश्न उरला. झाकण घट्ट आहे की नाही? दुखण्यावरून ठरवणं हा अडाण्यांचा मार्ग. शास्त्र काय म्हणतं? बुडवा, हवा ओढा, पुसा, उजेडात धरा. गुरुवारी सकाळी मी हिच्या फडताळातून केकमध्ये घालायचा निळा रंग काढला, वाटीभर पाण्यात कालवला आणि न्हाणीघराची कडी लावली. घोट तोंडात घेतला. आता यंत्र नव्हतं. पण गाल आत ओढून जीभ टाळूला लावली की तोंडात बऱ्यापैकी निर्वात होतं, हे मी तुम्हाला अधिकाराने सांगतो. डोळे मिटून, गाल ओढून, श्वास रोखून मी उभा राहिलो.

दारावर थाप. “अहो! आत काय चाललंय? फुसफुस कसली?”

तोंडात घोट असलेल्या माणसाने उत्तर देऊ नये, हा नियम मला ठाऊक होता. पण बायकोला उत्तर न देण्याचे परिणामही ठाऊक होते. मी “तपासणी” म्हणायला गेलो. निम्मी तपासणी घशात गेली, निम्मी पांढऱ्या टॉवेलवर.

तरी आरसा घेऊन खिडकीशी गेलो, हे माझं धैर्य. आणि दिसली! फिलिंगच्या कडेने, हिरडीच्या बाजूला, केसासारखी निळी रेघ. माझा अंदाज खरा ठरला होता. त्या आनंदात मी दार उघडलं आणि हसलो. ही मागे सरकून भिंतीला टेकली. ओठ, जीभ, हिरड्या, दात, सगळं निळं झालं होतं. “अगं, नापास!” मी म्हणालो. “ते दिसतंय,” ही म्हणाली. “आता कामावर कसे जाणार?”

घासून घासून ब्रशचे केस वाकले, रंग हलला नाही. तोंडावर रुमाल धरून निघालो. संध्याकाळी दवाखान्याची वेळ घेतली होती. तेवढा दिवस रेटायचा होता.

पण कारखान्याच्या फाटकावर नियम असा, की तोंडावर काही झाकून आत जायचं नाही, चेहरा दाखवायचा. मी रुमाल काढला. पहारेकरी माझा रोजचा नमस्कारातला माणूस. त्याने माझे निळे ओठ बघितले आणि घंटाच वाजवली.

“अरे, रंग आहे तो!” मी म्हणालो.

“साहेब, बोलू नका. दम जाईल.”

मला खुर्चीत बसवून कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सज्जन, पण नियमाचे पक्के. ओठ निळे म्हणजे रक्तात प्राणवायू कमी, असं त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात होतं. मी रंग, केक, दात, कीर्तन सगळं सांगितलं. ते वाईट वाटल्यासारखी मान हलवून नर्सला म्हणाले, “बोलणं असंबद्ध आहे. ऑक्सिजन लावा.” बोटाला चिमटा लावला, तर यंत्र म्हणालं, माणूस ठणठणीत. डॉक्टरांनी यंत्राकडेच संशयाने पाहिलं. मग एक ओला कापूस माझ्या जिभेवर फिरवला, तो निळा झाला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अच्छा, रंगच आहे की!”

“मग जाऊ?”

“तसं जमणार नाही. ऑक्सिजन लावलेल्या माणसाला चालत बाहेर सोडायचं नाही, असा नियम आहे.”

“पण लावायलाच नको होता ना?”

“ते आत्ता कळलं. लावला तेव्हा लागतच होता.”

तर अशा रीतीने, बाटल्यांच्या झाकणांवर ज्याचा शब्द शेवटचा, तो मनुष्य स्ट्रेचरवर आडवा होऊन, आपल्याच खात्यातल्या लोकांसमोरून, रुग्णवाहिकेतून घरी निघाला. कुणीतरी हात जोडले. मी बसून हात जोडायला गेलो, तर मला पुन्हा आडवं केलं.

इमारतीपाशी गाडी थांबली तेव्हा पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. काकूंचा “अगं बाई!”, मास्तरांचा “मी म्हणत होतो, चांदीचाच भरायचा!” आणि मग काठीचा आवाज. मामा आले होते. तालमीतला माझा ठसका त्यांना झोपू देत नव्हता, म्हणून विचारपूस करायला आले आणि दारात रुग्णवाहिका. मी उठून खाली उतरलो, निळ्या तोंडाने म्हणालो, “मामा, काही नाही, दात आहे नुसता!” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

वर आल्यावर मी खरं सांगितलं. श्वास ओढला की दात ठणकतो आणि ‘कोणाची’ सुटतं. मामांनी माझ्या निळ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, “रद्द करू या. सांगतो सभागृहवाल्यांना.”

“मामा!”

“माझ्याने वरचं होत नाही, तुझ्याने होत नाही. लोकांना काय, तुटकं पद ऐकवू? इतकी वर्षं उभा राहिलो. शेवट असा नको रे.”

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. फार सौम्यपणे बोलले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “रविवारपर्यंत हा दात बाटलीसारखा बंद करून दाखवतो.” निळ्या तोंडाने केलेली प्रतिज्ञा तितकी भारदस्त वाटत नाही, पण माझ्या आवाजात खात्री होती. मामा म्हणाले, “शनिवारपर्यंत वाट बघतो.”

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःचं. मग शेवटी हसू आवरेना म्हणून त्या पाठमोऱ्या झाल्या. मी तपासणीची सगळी पद्धत समजावली.

“काका, खरं सांगू? आम्हीसुद्धा अशीच तपासतो गळती. शिकताना केलंय मी. दात रंगात बुडवून ठेवायचा आणि रंग किती आत गेला ते बघायचं. फक्त तो दात आधीच काढलेला असतो, आणि नंतर उभा चिरावा लागतो.”

“पण खात्री होते ना?”

“खात्री होते, काका. दात उरत नाही.”

त्यांनी बारीक आकडीने कडेवरून हात फिरवला. “नुसती कड निळी झाली म्हणून गळतंय असं नसतं, रंग वरवरही बसतो. पण इथे आकडी अडकतेय. फट आहे.” आणि त्यांचा चेहरा पडला. “हिरडीजवळची कड मुळातच अवघड. त्यात तुम्ही हं हं करत होतात आणि मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण… बाकीचे डोळे मिटून पडतात हो. ऐकणारं कुणी भेटत नाही.”

मला एकदम गलबलून आलं. म्हणजे मी दाद दिली म्हणून त्यांचं काम बुडालं होतं! मी म्हणालो, “बाई, आत्ता करून टाका. एक हुंकार काढणार नाही.”

त्या जवळ वाकल्या आणि थबकल्या. “हा वास कसला? लवंगेचं तेल लावलंत?”

“भरपूर!” मी अभिमानाने म्हणालो.

“अहो काका! त्या तेलाने हे नीट पक्कंच होत नाही. फटीतून आत झिरपलं असेल. आज जुनं काढून साफ करते, साधं तात्पुरतं काहीतरी भरते. शनिवारी या. आणि कुणाचंही काहीही लावू नका.”

शनिवारी मी निघालो तर मामा जिन्याशी हजर. “तुझ्या हुंकाराने बुडालं म्हणतोस ना? मग हुंकार मी देतो. तू दगड हो.”

बाईंनी या वेळी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला. एकटा तो दात पडद्यातून वर आलेला, बाकी सगळं तोंड पडद्याआड. माझी मान बाईंनी एका हाताने धरली. शेजारच्या स्टुलावर मामा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. काम सुरू झालं. सुरुवातीला बाई गप्प होत्या, धडा घेतल्यासारख्या. मामा म्हणाले, “बोला की बाई. हा म्हणतो, तुम्ही फार गोड सांगता.”

मग काय विचारता! “आजोबा, आता दात सुकवला, पण अगदी कोरडाठाक नाही हं, किंचित ओलावा ठेवायचा.”

“वा! म्हणजे तहान राहिली पाहिजे. मग?”

“मग हे बाँडिंग. घासून घासून लावायचं, घाई नाही करायची.”

“घाईचं काही टिकत नाही. पुढे?”

“आता पहिला थर. डोळे मिटा, लाइट.”

मी पडद्याखाली तडफडत होतो. माझ्या वाटणीची सगळी दाद मामा घेऊन चालले होते, आणि घशात आलेले हुंकार मी एकेक करून गिळत होतो. उपास करणं सोपं, पण रसाळ बोलण्यापुढे निश्चल पडून राहणं ही खरी तपश्चर्या. शेवटचा थर झाला तेव्हा मामांनी विचारलं, “बाई, हे आता किती टिकेल?”

“जपलं तर बरीच वर्षं. पण कायमचं नसतं, आजोबा. कड कधीतरी सुटतेच. तेव्हा पुन्हा भरायचं.”

“हं,” मामा म्हणाले. हा हुंकार आधीच्यांसारखा नव्हता.

रविवारी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत ही, काकू, मास्तर. कडेला डॉक्टरीणबाई, माझ्या तोंडाकडे डोळे लावून. मामांनी काठी भिंतीशी ठेवली आणि जे उभे राहिले, काय सांगू! लोक हसले, लोक रडले, मास्तरांनी दोन्ही एकदम केलं. मग ते पद आलं. ‘आत तूच.’ ‘बाहेर तूच.’ ‘मधली भिंत…’ मामा ‘कोणाची’वर चढले, चढले, आणि मला त्यांच्या पाठीवरून कळलं की श्वास संपला.

मी तोंड उघडलं आणि छाती भरून हवा ओढली. गार हवा त्या दातावरून गेली आणि काहीही झालं नाही. दातासारखा दात, मुका. मी स्वर उचलला. वर नेला. तिथेच ठेवला.

रोजची रीत अशी, की मी दोनदा म्हटलं की मामा खाली येऊन परत धरतात. मामांनी धरलं नाही. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसते उभे, डोळे मिटलेले. मी घाबरून म्हणतच राहिलो, लोक म्हणायला लागले, सगळं सभागृह ‘कोणाची, कोणाची’ करत उठलं, आणि मामा हळूच बाजूला सरकले. माझ्यापुढची जागा मोकळी झाली. मला पुढे व्हावं लागलं.

घरी परतताना गाडीत मी विचारलं, “मामा, श्वास इतका अडकला होता?”

“छे रे. तो कधीच परत आला होता.”

“मग धरलं का नाहीत?”

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “इतकी वर्षं मीच म्हणत होतो. ऐकलं कुठे होतं?”

त्यानंतर मामा कीर्तनाला उभे राहिलेले नाहीत. आता मी उभा राहतो आणि ते समोर बसतात. आवाज पार बसला आहे, पायांत बळ नाही, पण येतात. तर मंडळी, एवढंच मागणं आहे. आज संध्याकाळी घरी हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घेऊन होतील, आणि अजून थोडी जागा उरली असेल, तर तिथे माझ्या म्हाताऱ्याची आठवण काढा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. नुसतं ‘मामा’ म्हणा. कोणाचे, ते देवाला कळतं.